थोरल्या दवाखान्यातली रात्रपाळी

जून सरता सरता पन्हाळा तालुक्यात भाताची रोपलावण सुरू होते आणि त्याच सुमाराला सर्पदंशाचे पेशंट वाढतात. घोणस बांधावरच्या गवतात, फुरसं दगडांच्या सापटीत, नाग उंदरांच्या मागावर घराशेजारी आणि मण्यार रात्री, भुईवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळायला लागतं आणि मग घरच्यांची धावाधाव सुरू होते. कासारी खोऱ्यातलं बाजारभोगाव असो की गडाच्या पायथ्याची एखादी वाडी, पहिला थांबा म्हणजे जवळचा सरकारी दवाखाना. तिथे सलाईन लागतं, प्रतिविष सुरू होतं. श्वासाला त्रास होतोय असं दिसलं की १०८ची गाडी बोलावली जाते आणि केसपेपरवर शेरा पडतो : पुढील उपचारांसाठी सीपीआर, कोल्हापूर. गडावरून निघालेली गाडी वाघबीळ, केर्ली करत शिवाजी पूल ओलांडून शहरात शिरते. अंतर वीसेक किलोमीटर.

सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. जुने कोल्हापूरकर त्याला आजही थोरला दवाखाना म्हणतात. रात्री दोन-अडीचला गाडी दारात लागते तेव्हा हा पेशंट ज्याच्या हाती जातो तो डॉक्टर बहुधा पंचविशी-तिशीतला असतो. गळ्यात स्टेथोस्कोप, डोळे तारवटलेले, खिशात दोन पेनं आणि घडी घातलेली पेशंटची यादी. नातेवाईक त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, "मोठे डॉक्टर कधी येणार?"

हा प्रश्न सरकारी रुग्णालयात रोज विचारला जातो. त्यात राग असतो, भीती असते आणि एक गैरसमजही असतो. समोर उभा असलेला निवासी डॉक्टर हा उमेदवारी करणारा पोरगा आहे, खरा डॉक्टर सकाळी येणार आहे, असा तो समज. प्रत्यक्षात त्याने एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक वर्षाची इंटर्नशिप पुरी केलेली असते, वैद्यकीय परिषदेकडे त्याची नोंदणी झालेली असते, आणि देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन तो एमडी किंवा एमएसच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला लागलेला असतो. स्वतःच्या सहीने औषध लिहिण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्याच वेळी तो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा विद्यार्थीही आहे. त्याला प्रबंध लिहायचा आहे आणि तिसऱ्या वर्षी परीक्षा द्यायची आहे. सरकार त्याला पगार देत नाही, विद्यावेतन देते. डॉक्टर आणि विद्यार्थी ही दोन्ही नाती एकाच माणसात असल्यामुळे त्याचं सगळं जगणं थोडं विचित्र होऊन बसतं. काम मोजायची वेळ आली की तो विद्यार्थी असतो आणि जबाबदारी ठरवायची वेळ आली की डॉक्टर.

नावांचा घोळही कमी नाही. जिल्हा रुग्णालयात 'आरएमओ' अशी पाटी असते. तो निवासी वैद्यकीय अधिकारी शासनाचा कायम नोकर, आणि त्याच्याकडे रुग्णालयाच्या कारभाराचा बराच भाग असतो. खासगी रुग्णालयातला 'आरएमओ' वेगळा. तिथे रात्री वॉर्ड सांभाळणारा तरुण डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. तो तज्ज्ञ डॉक्टरला फोनवर पेशंटची हालत सांगतो आणि सांगितलेले उपचार अंमलात आणतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला 'रेसिडेंट' हा तिसरा प्राणी. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००० साली सुरू झालं आणि सीपीआर त्याला जोडलं गेलं. पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रम आले आणि त्यांच्याबरोबर हे निवासी डॉक्टरही थोरल्या दवाखान्यात आले. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

मण्यारीच्या त्या पेशंटकडे परत जाऊ. मेडिसिन विभागाचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, वॉर्डच्या भाषेत 'जेआर वन', आधी पापण्या बघतो. वर बघा म्हणतो, जीभ बाहेर काढायला लावतो, उशीवरून मान उचलता येते का ते पाहतो. एका दमात किती आकडे म्हणता येतात तेही मोजायला लावतो, कारण श्वासाचे स्नायू थकू लागले की पेशंट दहाच्या आतच थांबतो. मग दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ते वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलेलं नसेल तर विष रक्तात उतरलं आहे, म्हणजे घोणस किंवा फुरसं. गोठलं असेल आणि पापण्या मिटत असतील तर नाग किंवा मण्यार. यंत्र नाही, खर्च नाही. नळी मात्र काचेचीच हवी आणि ती साबणाने धुतलेली नसावी, नाहीतर निकाल चुकतो. ही नळी वीस मिनिटं राखायला कोणी तरी जागेवर लागतं, आणि रात्री ते 'कोणी तरी' म्हणजे हाच.

प्रतिविषाचंही तसंच. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. मुंबईची हाफकिन संस्था ते पिढ्यान् पिढ्या बनवत आली आहे. बाटलीत पांढरी भुकटी असते. प्रत्येक बाटलीत दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडून ती तळहातांत हळूहळू फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो आणि औषध वाया जातं. सुरुवातीलाच दहाच्या आसपास बाटल्या लागतात, त्यामुळे रेसिडेंट, इंटर्न आणि सिस्टर अशा तिघांचे हात एकदम चालू असतात. अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेलं असतं, कारण घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेल्या या औषधाची काहींना भयंकर रिअ‍ॅक्शन येते. पहिला तासभर पेशंटजवळून हलायचं नाही. याच वेळी शेजारच्या खाटेवर दारू सुटल्यामुळे भ्रमिष्ट झालेला माणूस सलाईनची सुई उपटत असतो, आणि कॅज्युअल्टीतून छातीत दुखणाऱ्या पेशंटचा कॉल आलेला असतो.

श्वास आणखी मंदावला तर व्हेंटिलेटर. तो निर्णय पहिल्या वर्षाचा एकटा घेत नाही. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या सीनियरला उठवतो. नळी घालायला भूलशास्त्राचा रेसिडेंट येतो. गरज पडली तर सहायक प्राध्यापकाला, म्हणजे वॉर्डात ज्यांना 'लेक्चरर' म्हणतात त्यांना फोन जातो. युनिटप्रमुख सकाळच्या राउंडला प्रत्येक नोंद वाचतात आणि कधी कधी सगळ्यांसमोर चांगली खरडपट्टीही काढतात. 'मोठे डॉक्टर' असतात ते असे : फोनच्या दुसऱ्या टोकाला, आणि सकाळी नऊच्या राउंडला.

या उतरंडीत काम कसं वाटलेलं असतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. पहिल्या वर्षाचा रक्त काढतो, इतिहास लिहितो, रिपोर्ट गोळा करतो, रक्तपेढीत जाऊन पिशवी आणतो, डिस्चार्ज कार्ड भरतो. खरं तर यातली निम्मी कामं डॉक्टरची नव्हेतच. मामा आणि मावश्या, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, कमी पडल्या की ट्रॉली ढकलायलाही तोच. दुसऱ्या वर्षाचा आयसीयू सांभाळतो आणि पहिल्याला शिकवतो. तिसऱ्या वर्षाचा निर्णय घेतो, शस्त्रक्रिया शाखेत असेल तर सरांच्या समोर ऑपरेशन करतो, आणि प्रबंधासाठी वेळ शोधत फिरतो. पुस्तकात नसलेलं पुष्कळ काही तो वॉर्डातच शिकतो : नातेवाइकांच्या घोळक्यातून नेमका निर्णय घेणारा माणूस कसा ओळखायचा, मृत्यूची बातमी उभ्याने न देता बसून कशी द्यायची, आणि आपल्याला काय येत नाही हे वेळेत कबूल करून सीनियरला हाक कधी मारायची.

ही पद्धत आली कुठून? अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९पासून विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉलस्टेड यांनी ती बसवली. जर्मनीतल्या शल्यचिकित्सकांचा नमुना हॉलस्टेडच्या डोळ्यांसमोर होता. तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचं, रात्रंदिवस हजर असायचं, लग्न शक्यतो करायचं नाही, आणि वर्षानुवर्षं पायरी-पायरीने वर चढायचं. हॉलस्टेड स्वतः असाधारण सर्जन होता आणि आयुष्यभर कोकेन-मॉर्फिनच्या व्यसनाशीही झगडत होता. न झोपता काम करणं म्हणजे निष्ठा, ही समजूत जगभरच्या रुग्णालयांत जिथून रुजली त्या मुळाशी असा माणूस होता, हे विसरू नये.

याच काळात कोल्हापुरात एक वेगळी नेमणूक झाली होती. सीपीआरची जुनी इमारत म्हणजे संस्थानी काळातलं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाने कोल्हापूरला ज्या देखण्या इमारती दिल्या त्यांतली ही एक. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना याच रुग्णालयाच्या स्त्रियांच्या वॉर्डची जबाबदारी देऊ केली. आनंदीबाईंच्या कथेत कोल्हापूर आधीही येऊन गेलं होतं : गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी ज्यांना पत्र लिहिलं ते मिशनरी वाइल्डर मूळ कोल्हापूर मिशनचे. आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांना बाविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं. त्या वॉर्डात त्यांनी एकही दिवस काम केलं नाही. पुढे शाहू महाराजांच्या पाठबळाने शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या रुग्णालयात रुजू झाल्या आणि कोल्हापूरच्या बायकांना डॉक्टरीणबाई मिळाल्या.

आज त्याच रुग्णालयाच्या प्रसूती विभागात रात्री धावपळ करणाऱ्या रेसिडेंट मुली दिसतात. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याहून रेफर झालेल्या अडलेल्या बाळंतिणी त्यांच्याच हातात येतात.

आता तासांचा हिशोब. केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी योजना आखली तेव्हा स्पष्ट म्हटलं होतं की एका दमात बारा तासांहून अधिक आणि आठवड्याला साधारण ४८ तासांहून अधिक काम नसावं, पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी. ते कागदावर राहिलं. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी सुरू झालेली ड्यूटी दुसऱ्या दिवशी दुपारी राउंड, ओपीडी आणि नोंदी उरकूनच सुटते, हे कोणत्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला रेसिडेंट सांगेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमांत तासांचा आकडाच नाही. 'वाजवी' काम आणि 'वाजवी' विश्रांती एवढंच आहे, वर्षाला वीस दिवस रजा आहे आणि सवड असेल तर आठवड्याची सुट्टी. वाजवी म्हणजे किती, ते युनिट ठरवणार. २०२४मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. ४८वरून ७४वर येणं ही बत्तीस वर्षांतली प्रगती म्हणायची का, हा प्रश्नच आहे.

अमेरिकेत हा विषय ऐरणीवर आला तो एका मृत्यूमुळे. मार्च १९८४मध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी न्यू यॉर्कच्या रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांत गेली. तिला तपासणारे निवासी डॉक्टर अनेक पेशंट सांभाळत, लांबलचक पाळीत काम करत होते. वडील पत्रकार होते; त्यांनी प्रकरण लावून धरलं. १९८९मध्ये न्यू यॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३मध्ये ती देशभर लागू झाली. २००४ साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं की चोवीस तासांहून लांब पाळ्यांमध्ये इंटर्नच्या हातून गंभीर चुका जवळपास ३६ टक्के जास्त होतात. पण गोष्ट इतकी सरळही नाही. २०१६मध्ये शस्त्रक्रिया विभागांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात तासांचे नियम सैल केल्याने रुग्णांचं अधिक नुकसान झाल्याचं आढळलं नाही. पाळी छोटी केली की पेशंट अधिक वेळा एका हातातून दुसऱ्या हाती जातो, आणि त्या देवघेवीत एखादी गोष्ट सांगायची राहून जाते. मण्यारीच्या पेशंटचा श्वास पहाटे चारला कसा होता, हे ज्याने पाहिलं तो घरी गेलेला असतो. म्हणून तास कमी करताना माणसं वाढवावी लागतात आणि पाळी सोपवायची पद्धतही शिकवावी लागते. आपल्याकडे यातलं एकही नीट होत नाही. शिक्षणाच्या नावाखाली मनुष्यबळाची तूट भरून काढली जाते, आणि ती तूट तरुण डॉक्टरांच्या झोपेतून वसूल होते.

संप होतात ते यातूनच. 'मार्ड' ही महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांची संघटना. जानेवारी २०२३मध्ये वरिष्ठ निवासींची १,४३२ पदं भरा आणि वसतिगृहं दुरुस्त करा म्हणून संप झाला; फेब्रुवारी २०२४च्या आंदोलनानंतर विद्यावेतनात दरमहा १०,००० रुपयांची वाढ मिळाली. मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात नातेवाइकांनी अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, तेव्हा राज्यभरचे रेसिडेंट सामूहिक रजेवर गेले होते. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१०पासून कायदा आहे. मारहाण मात्र बहुधा रात्री, वॉर्डाच्या दारात होते, आणि तिथे कायदा पोचायला वेळ लागतो. बिल भरताना झालेला संताप, खाट न मिळाल्याचा संताप, औषध बाहेरून आणायला लावल्याचा संताप, हे सगळं ज्याच्या हातात यातलं काहीच नाही त्याच्यावर निघतं. मुंबईत मे २०१९मध्ये डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या सीनियरांवर झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. वॉर्डाच्या आतही सगळं आलबेल नसतं, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

मग पेशंटच्या उशाशी रात्र काढण्यात काहीच अर्थ नाही का? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण बघावं. ते १९७६मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि पोरं दगावत होती. बावस्कर पेशंटजवळ तासन् तास बसून नाडी, घाम, रक्तदाब, फुप्फुसातलं पाणी टिपत राहिले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध या दंशावर गुणकारी ठरतं हे त्यांनी दाखवून दिलं, आणि दंशातले मृत्यू झपाट्याने खाली आले. त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. ते काही मोठ्या रुग्णालयाचे रेसिडेंट नव्हते. पण पेशंटपाशी थांबल्याने काय हाती लागतं, ते त्यांच्या नोंदवह्यांतून कळतं.

तालुक्यापुरती नवी घडामोड अशी की आता रेसिडेंट फक्त थोरल्या दवाखान्यातच राहत नाही. जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या किंवा तशा सरकारी रुग्णालयात काम करावं लागतं, आणि २०२३च्या नियमांनुसार किमान पन्नास खाटांचं रुग्णालय यासाठी चालतं. बालरोगाचा, भूलशास्त्राचा किंवा स्त्रीरोगाचा एखादा रेसिडेंट तीन महिन्यांसाठी जरी मिळाला तरी सिझेरियनसाठी वीस-तीस किलोमीटर पळवावी लागणारी एखादी बाळंतीण तिथेच मोकळी होऊ शकते. पण राहायला खोली, रक्तसाठा आणि वर विचारायला एक अनुभवी तज्ज्ञ, हे तिन्ही नसतील तर तो तिथे येऊन पुन्हा रेफरचाच कागद भरणार. पावसाळ्यात तर ही सोय जवळ असण्याला फार किंमत आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरांत कोल्हापूर-रत्नागिरी मार्ग पाण्याखाली गेला होता, आणि २०२१मध्ये पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताच खचला. गडावरच्या माणसाला तेव्हा सीपीआर वीस किलोमीटरवर असूनही नसल्यासारखं होतं.

तर पन्हाळ्याहून कोणाला घेऊन थोरल्या दवाखान्यात जायची वेळ आली, तर काही गोष्टी जवळ ठेवाव्यात. आधीच्या दवाखान्यातला रेफरचा कागद, दिलेल्या औषधांची नावं आणि वेळा. साप चावला असेल तर चावल्याची आणि पापण्या जड झाल्याची वेळ. साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही, मोबाईलवर फोटो असेल तर पुरे. जखम कापून, चोखून, करकचून बांधून वेळ घालवू नये. पेशंट दाखल झाला की केसपेपरवर युनिटचं आणि युनिटप्रमुखांचं नाव लिहिलेलं असतं, ते टिपून घ्यावं. घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलावं. आणि 'मोठे डॉक्टर कधी येणार' हे जरूर विचारावं, पण त्याआधी समोर उभा आहे त्याला पेशंटची हकीकत नीट, पहिल्यापासून सांगावी. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर वाचणार आहेत ती त्यानेच लिहिलेली नोंद.